रत्नमाला चौगुले यांच्या मूत्रपिंडांचा संप

वारणाकाठ आरोग्य विज्ञान केंद्राच्या अतिदक्षता विभागात त्या सकाळी एकच गोष्ट ठणठणीत होती: विभागप्रमुख डॉ. रणधीर इंगवले यांचा आत्मविश्वास.

खिडकीजवळच्या खाटेवर रत्नमाला चौगुले बेशुद्ध पडून होत्या. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या या बाईंनी पायाचं कुरूप घरच्या ब्लेडनं कापलं होतं. जखम तांदळाच्या दाण्याएवढी. पण तिच्यातून आत शिरलेल्या जंतूंना हुसकायला शरीरानं जी फौज काढली, तिनं जंतूंना मारता मारता आपल्याच गावात जाळपोळ केली. याला सेप्सिस म्हणतात. आधी मूत्रपिंडं बंद पडली, मग यकृत, मग फुप्फुसं. आता श्वास एक यंत्र घेत होतं, रक्त दुसरं यंत्र गाळत होतं आणि रक्तदाब औषधांच्या चाबकाखाली कसाबसा उभा होता.

तीन अवयव बंद पडून आठवडा उलटला की नातेवाइकांची बैठक बोलवायची आणि यंत्रांचा आधार काढायचा की नाही ते विचारायचं, असा विभागाचा रिवाज होता. त्याला इंगवले-नियम म्हणत. म्हणणाऱ्यांत पहिले स्वतः इंगवले. चौगुलेबाईंची बैठक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती.

"निकाल काय आला?" इंगवल्यांनी विचारलं.

"शून्य, सर," डॉ. ऋजुता कोष्टी म्हणाल्या.

ऋजुता जीवरसायनतज्ज्ञ होत्या आणि विभागाच्या कोपऱ्यात उभं असलेलं कपाटाएवढं नवं यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. कागदोपत्री त्याचं नाव 'मृतपेशी-अभिज्ञापक'. हे नाव एका समितीनं ठरवलं होतं आणि त्या समितीतल्या कुणालाही ते दिवसातून दहादा घाईघाईत उच्चारावं लागणार नव्हतं. परिचारिका त्याला 'भंगारवाला' म्हणत. हे नाव समितीच्या नावापेक्षा शास्त्रशुद्ध होतं.

"शून्य म्हणजे?"

"चौगुलेआक्कांच्या रक्तात मूत्रपिंडाचं भंगार नाही. यकृताचं नाही. फुप्फुसाचंही नाही."

"म्हणजे तुमचं यंत्र मेलंय."

"किंवा आक्कांचे अवयव मेलेले नाहीत."

इंगवल्यांनी चष्मा काढला. हे ते दोनच प्रसंगी करत, फोटो काढताना आणि कुणाला तरी खाली बसवताना. "अहो कोष्टी, जरा समजेल असं सांगा. हे दिनकरराव उभे आहेत, त्यांनाही कळू दे."

दिनकरराव चौगुले खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ते एसटीचेच ड्रायव्हर. एकाच गाडीवर ड्यूटी लागता लागता लग्न लागलं, असं ते सांगत.

"काका," ऋजुता त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "शरीरातल्या प्रत्येक पेशीत एकच जनुकग्रंथ असतो. यकृतात तोच, हृदयात तोच. पण प्रत्येक अवयव आपल्याला न लागणारी पानं चिकटवून टाकतो. त्यासाठी ग्रंथावर बारीक रासायनिक टिकल्या लावतो. टिकल्यांची नक्षी प्रत्येक अवयवाची वेगळी. पेशी मेली की ग्रंथ फाटतो आणि तुकडे रक्तात येतात. तुकड्यावरची नक्षी वाचली की कळतं, मयत कुठल्या घरातली."

"आणि मेली कशी, त्ये?"

"तेही कळतं. वेळ भरून शिस्तीत मेलेली पेशी सारख्या मापाचे तुकडे करून जाते. मारहाणीत फुटलेली वेडेवाकडे."

"बरं," इंगवले म्हणाले, "यकृत बंद आहे हे मी सांगतो, प्रयोगशाळा सांगते, बाईंच्या डोळ्यांचा पिवळा रंग सांगतो. मग तुकडे कुठायत?"

"सर, मी इचलकरंजीची. आमच्याकडे एखाद्या यंत्रमागाच्या कारखान्यातला खडखडाट थांबला की दोनच कारणं असतात. माग मोडलेत, नाहीतर संप आहे. पुढच्या दाराशी उभं राहून फरक कळत नाही. मागच्या दाराला जाऊन भंगार बघायचं. मोडलेले माग भंगारात निघतात. संपातले माग जागच्या जागी असतात, तेलपाणी केलेले."

"मूत्रपिंडांचा संप!" इंगवले हसले. त्यांच्या मागचे निवासी डॉक्टरही हसले. सरांचं हसू थांबताच तेही थांबले.

"बाहेर जाळपोळ चालू असताना माणूस दार लावून घरात बसतो ना, सर? पेशी तेच करते. उत्पादन बंद. असेल नसेल ते इंधन जीव टिकवायला. दंगल शमली की पुन्हा कामावर. आपण मात्र बाहेरून चाबूक मारतोय, की कामावर ये. त्यानंच ती मरायची."

"कोष्टी, माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी संपावर गेलेलं मूत्रपिंड पाहिलेलं नाही."

"पाहिलंही असेल, सर. बैठकीनंतर विचारायला कुणी उरत नाही."

सिस्टर एस्तेर सातपुते या विभागाच्या सर्वांत जुन्या परिचारिका. त्यांनी सलाईनच्या बाटलीवरचं लेबल वाचायला घेतलं. ते त्यांनीच लावलं होतं.

यंत्र जिवंत आहे हे सिद्ध करायला ऋजुतांनी मागे उभ्या असलेल्यांपैकी एका निवासी डॉक्टरच्या बोटातून रक्त घेतलं. दुपारपर्यंत निकाल आला. यकृताच्या पेशी, बऱ्याच, वेडेवाकडे तुकडे. त्या तरुणानं शनिवारच्या पार्टीची कबुली दिली आणि हे आईला कळवू नये अशी विनंती केली. इंगवल्यांनी निकालावर "हं" एवढंच म्हटलं. पण बैठकीपर्यंत औषधांचा चाबूक निम्म्यावर आणायला त्यांनी परवानगी दिली. ती देताना त्यांचा चेहरा असा होता, जणू स्वतःच्या नियमाला रजा मंजूर करतायत.

दुसऱ्या दिवशी इंगवल्यांचा वाढदिवस होता.

आपल्याकडे मोठ्या माणसाचा वाढदिवस म्हटला की रक्तदान शिबिर आलंच. पुढाऱ्यांच्या शिबिरांची इंगवले यथेच्छ टिंगल करत, पण विद्यार्थ्यांनी प्रवेशद्वारावर त्यांचा फ्लेक्स लावला तेव्हा त्यांनी फक्त नाक जरा लहान आलंय एवढीच तक्रार केली. फ्लेक्सवर ते छातीवर हात बांधून उभे होते आणि खाली लिहिलं होतं, 'साठीतला विशीचा तरुण'. पहिला दाता अर्थात उत्सवमूर्ती. त्यांचा गट बाईंशी जुळत होता आणि बाईंच्या प्लेटलेट्स धोक्याच्या रेषेखाली गेल्या होत्या, त्यामुळे इंगवल्यांनी यंत्राशेजारी झोपून प्लेटलेट्स दिल्या. फोटो काढताना चष्मा काढला. फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला: 'सरांची पिशवी थेट रुग्णाच्या सेवेत!' ते खरंच होतं. जेवणाच्या सुट्टीआधी ती पिशवी रत्नमालाबाईंच्या शरीरात गेलीही.

संध्याकाळी बैठकीला खुर्च्या मांडल्या. इंगवले, ऋजुता, सिस्टर एस्तेर आणि दिनकरराव. ऋजुता आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. हातात यंत्राचा ताजा निकाल होता.

"वाचा," इंगवले म्हणाले.

"मूत्रपिंड, शून्य. यकृत, शून्य. फुप्फुस, शून्य." त्या थांबल्या. "हृदय. स्पष्ट. तुकडे वेडेवाकडे."

इंगवल्यांनी मान खाली घातली. ते वाईट माणूस नव्हते. रुग्ण हरला की त्यांना रात्रीचं जेवण जात नसे, हे घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. "कोष्टी, तुमचंच यंत्र सांगतंय. काल नव्हतं, आज आहे. उरलं होतं तेवढं हृदयही चाललं. दिनकरराव, आम्ही हात राखून काही केलं नाही. आज तर मी माझं स्वतःचं रक्त घातलंय यांच्यात."

"मग आता?" दिनकररावांनी विचारलं.

"आता त्यांना आणखी त्रास द्यायचा का, हे तुम्ही ठरवायचं."

दिनकररावांनी खुर्ची पुढे ओढली. "सायेब, सगळी नोकरी मी हिच्या घंटीवर गाडी चालवली. डबल बेल मिळाल्याबिगर स्टँडातनं गाडी काढली न्हाई कदी. मागं कोण चढतंय, कोण उतरतंय, तिलाच दिसायचं. आता मला दिसंना म्हून मी माझ्या मनानं गाडी काढू?" त्यांनी ऋजुतांकडे पाहिलं. "पोरी, तू सांग. काल म्हणालीस संप हाय. आज म्हणतीस मोडलं. नक्की काय?"

ऋजुता उठल्या. "दहा मिनिटं द्या, काका."

त्या थेट खाटेकडे गेल्या. सिस्टर एस्तेर मागोमाग. ध्वनिचित्रणाची, म्हणजे सोनोग्राफीची, दांडी बाईंच्या छातीवर टेकवली. पडद्यावर रत्नमाला चौगुले यांचं हृदय दिसलं. सगळ्या भिंती एका तालात हलत होत्या. कालच्यापेक्षा चांगल्या.

"हे मरणारं हृदय आहे?" ऋजुता स्वतःशीच म्हणाल्या.

"मला तर कामावर हजर दिसतंय," सिस्टर म्हणाल्या.

ऋजुता यंत्रापुढे बसल्या. यंत्राला आजवर त्यांनी एकच काम सांगितलं होतं, टिकल्यांची नक्षी बघायची. त्या टिकल्यांखाली काय लिहिलंय ते वाचायला कधी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं. हृदयाचे तेवढे तुकडे बाजूला काढ आणि मजकूर वाच.

पडद्यावर उत्तर उमटलं. ऋजुतांनी ते दोनदा वाचलं आणि बैठकीच्या खोलीचं दार ढकललं.

"सर, या तुकड्यांत वाय गुणसूत्र आहे."

"वाय तर पुरुषात असतं," इंगवले म्हणाले.

"हो, सर."

"बाईंच्या हृदयात पुरुष?" सिस्टर एस्तेर दारातच थबकल्या.

दिनकररावांनी घसा खाकरला. "त्ये... मीच असणार की. एवढी वर्सं झाली."

सिस्टरांनी तोंडाला रुमाल लावला. ऋजुता मात्र हसल्या नाहीत, त्या फार वेगात विचार करत होत्या. "आक्कांच्या अंगात बाहेरून काय काय गेलंय, सर? औषधं, सलाईन. रक्त कुणाचंही दिलेलं नाही. फक्त एक पिशवी, आज. प्लेटलेट्स कोरड्या येत नाहीत, दात्याच्या रक्तद्रवात तरंगत येतात. आणि त्या द्रवात दात्याच्या मेलेल्या पेशींचं भंगारही असतं. यंत्राला चिमूटभर पुरतं."

खोलीतल्या सगळ्यांना तो फोटो आठवला. आठवावा लागला नाही म्हणा, तो दर दोन तासांनी कुणी ना कुणी पुन्हा पाठवतच होतं.

तिघेही डॉ. रणधीर इंगवले यांच्याकडे बघू लागले.

"मूर्खपणा आहे हा," इंगवले म्हणाले. "मी रोज बॅडमिंटन खेळतो. यंत्र चुकलंय."

"चालेल," ऋजुता म्हणाल्या. "यंत्र चुकलं असेल तर आक्कांचं हृदय मरतंय हेही चूक. मग आधार काढायला कारणच नाही. बैठक रद्द."

"आणि चुकलं नसेल तर?"

"तर हृदय आक्कांचं नाही. तरीही बैठक रद्द. आणि तुमची सुरू."

इंगवले खुर्चीवर मागे रेलले. आयुष्यभर त्यांनी विद्यार्थ्यांना अशाच दुहेरी प्रश्नांत पकडलं होतं. आत सापडल्यावर कसं वाटतं याची त्यांना कल्पना नव्हती. कुठूनही बाहेर पडायला गेलं तरी रत्नमाला चौगुले वाचत होत्या.

"सर," सिस्टर एस्तेर शांतपणे म्हणाल्या, "आठवडाभर पित्ताच्या गोळ्या माझ्याच टेबलावरून नेताय."

"ते पित्त आहे."

"जिना चढल्यावर होणारं?"

इंगवल्यांच्या हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजे ईसीजी, काढला. तो स्वच्छ आला. इंगवल्यांनी तो हवेत फडकवला, पण त्यांचा हात पूर्वीइतका वर गेला नाही. मग त्यांनी स्वतःहून बाही सरकवली. "घ्या रक्त. एकदाचा संशय फिटू दे."

भंगारवाल्यानं संशय फेडला. हृदय, वेडेवाकडे तुकडे, बाईंच्या नमुन्यात होते त्याच्या कितीतरी पट. आणि मजकूर दोन्हीकडे अक्षर न् अक्षर एकच. मध्यरात्रीच्या आत इंगवल्यांना धमनीचित्रणाच्या टेबलावर चढवलं. हृदयाची मुख्य रोहिणी केसाएवढीच उघडी होती. थोडा उशीर झाला असता तर साठीतला विशीचा तरुण फ्लेक्सवरच उरला असता. रोहिणीत जाळीची नळी बसली आणि रक्त वाहू लागलं.

इकडे रत्नमालाबाईंच्या रक्तातलं ते परकं भंगार काही तासांत निघून गेलं. चाबूक आणखी उतरवला, मग बंद केला. अवयवांना त्यांच्या मर्जीनं झोपू दिलं. दोन दिवस काहीही झालं नाही. दिनकरराव खाटेशी बसून राहिले, ऋजुता यंत्राशी. तिसऱ्या दिवशी सिस्टर एस्तेर पलंगाखालची लघवीची पिशवी बघायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"कोष्टी मॅडम!" त्यांनी हाक मारली. "अहो या! पिशवीत आलंय!"

चमचाभर पिवळं पाणी होतं. मग अर्धी वाटी झालं. संध्याकाळी पिशवी बदलावी लागली. महाराष्ट्रात पुढाऱ्यांचं, नवरदेवांचं आणि गणपतीचं स्वागत धूमधडाक्यात होतं, पण अर्ध्या लिटर लघवीचं असं स्वागत कुणी पाहिलं नसेल. परिचारिकांनी टाळ्या वाजवल्या. पार्टीवाल्या निवासी डॉक्टरनं पिशवीचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला, आणि खाली अभिनंदनाचे इतके संदेश आले की सरांच्या वाढदिवसाचा फोटो पार वर सरकून दिसेनासा झाला. दिनकररावांनी पेढे आणले आणि कशाबद्दल असं विचारणाऱ्या प्रत्येकाला खरं कारण सांगितलं. त्या आठवड्यात डोळ्यांचा पिवळेपणा उतरला, श्वासाची नळी निघाली, आणि रत्नमालाबाईंनी पहिली चौकशी केली ती नवरा वेळेवर जेवतो का याची.

वारणाकाठला इंगवले-नियम मागे घेण्यात आला. त्याच्या जागी आलेला नियम असा: भंगार बघितल्याशिवाय कुणालाही मेलेलं म्हणायचं नाही. त्या सालात संपावर गेलेली कितीतरी मूत्रपिंडं, यकृतं, फुप्फुसं कामावर परतली. त्या माणसांना आपण कुठल्या बैठकीतून उठून आलो, हे कळलंही नाही.

बाईंची नळी निघाली त्या आठवड्यात मात्र एक संप अजून मिटायचा होता.

इंगवले स्वतःच्याच विभागात, स्वतःच घालून दिलेल्या नियमांखाली पडून होते. रोहिणी मोकळी झाली होती, पण हृदयाची समोरची भिंत हलत नव्हती. तरुण हृदयतज्ज्ञ पडद्यावरच्या चित्राकडे बघून मान हलवत होता. "सर, एवढा भाग गेला असं धरून चालू. बाकीच्या भागाला जोर यावा म्हणून औषध सुरू करतो."

"थांब!" इंगवले उशीवरून अर्धे उठले. "आजचं भंगार किती?"

"आज... शून्य, सर."

"शून्य! मग गेला कसा म्हणतोस? मयत कुठाय? दाखव मला मयत! अरे, संप आहे तो, संप! रक्ताची आबाळ झाली होती, त्यानं दार लावून घेतलंय. चाबूक खाली ठेव आधी. कोष्टी! अहो कोष्टी! याला इचलकरंजीचं सांगा!"

ऋजुतांनी सगळं सांगितलं. सांगताना एकदाही हसल्या नाहीत. त्यासाठी त्यांना खिडकीबाहेर बघावं लागलं.

दुपारी दिनकररावांनी चाकांच्या खुर्चीतून बायकोला आणलं. रत्नमालाबाईंचा आवाज अजून बसलेला होता, पण गर्दीच्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोचायची त्याची सवय मोडली नव्हती.

"डॉक्टर, तुमचं रक्त घातलंत म्हणं माझ्यात. उपकार झाले."

"उपकार तुमचे, बाई. तुमच्यात गेलं म्हणून मला कळलं."

"आता काय म्हणतंय हृदय?"

"संपावर आहे." हे वाक्य त्यांनी जरा जपून उच्चारलं. "कधी मिटेल सांगता येत नाही."

"संपाचं मला विचारा," बाई म्हणाल्या. "मी किती बघितलेत. दमदाटी केली की लांबतो. गोडीनं बसून ऐकून घ्यायचं, काय दुखतंय, काय पायजे."

"हृदयाला काय पाहिजे ते मला कसं कळणार?"

"विचारा की. आजवर कुणाला विचारलंय का कदी?"

इंगवल्यांनी छताकडे पाहिलं, मग यंत्रांकडे, मग उशाशी उभ्या असलेल्या सिस्टर एस्तेरकडे. आणि या विभागात पूर्वी कुणी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता असा प्रश्न त्यांनी हळूच विचारला.

"सिस्टर, मी आता काय करू?"

सिस्टर एस्तेर सातपुत्यांनी सगळी नोकरी या प्रश्नाची वाट पाहण्यात काढली होती. त्यांनी घाई केली नाही. चादर नीट केली, उशी थोपटली.

"गप्प पडून राहा, सर."

डॉ. इंगवले गप्प पडून राहिले. संध्याकाळच्या चित्रणात ऋजुतांनी त्यांच्या छातीवर दांडी टेकवली, आणि पडद्यावर हृदयाच्या समोरच्या भिंतीची एक कड अगदी किंचित आत सरली, बाहेर आली, पुन्हा आत सरली.